चौदा दिवसांच्या गोळ्या

"सुनंनं माझ्या लेकाला गोळ्याच दिल्या न्हाईत. तिला धरा!" आक्काताई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या.

उचगावच्या आक्काताईंचा मुलगा प्रसेनजीत पोटातल्या अल्सरच्या जखमेतून रक्त जाऊन वारला, त्याला महिना झाला होता. २००३ साली औषध घेऊनही माणूस जातो म्हणजे काय! खासगी गुप्तहेर बाळासो शांतपणे ऐकत होते, पण त्यांचा मदतनीस कृष्णात ऐकतानाच पेटला. त्याला पेटायला वेळ लागत नसे.

"लेक सोन्यागत हुता. कामावर लाडू मिळाला तरी अर्धा मला आणायचा. ताकदीच्या गोळ्यासुदिक सोताच्या हातानं द्यायचा. आन् ही बया! गेल्या थंडीत माझ्या चहात कायतरी घालायची. पंधरा दिवस तोंडात पितळ चाटल्यागत हुईत हुतं."

बाळासो आणि कृष्णात आधी प्रसेनजीतच्या डॉक्टरांकडे गेले.

"जठरात जंतू होता," डॉक्टर म्हणाले. "गेल्या थंडीत चौदा दिवसांचं औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ. एकही वेळ चुकवू नका म्हणून बजावलं होतं. अर्धवट औषधानं जंतू मरत नाही, उलट निर्ढावतो. नंतरचं औषधही लागू पडलं नाही."

"त्या गोळ्यांचा त्रास होतो?"

"तोंडाला धातूची चव येते. बाकी काही नाही. त्याच्या आईलाही पोटात जळजळ होती, पण तपासायला नळी गिळावी लागेल म्हणून त्या आल्याच नाहीत."

औषधं अस्सल होती. दुकानदाराच्या त्याच मालानं इतर पेशंट बरे झाले होते.

प्रसेनजीतच्या बायकोनं, दीक्षानं, रिकाम्या चौदा पट्ट्या पुढं ठेवल्या. "सकाळच्या मी हातावर ठेवायची. संध्याकाळच्या ते आपल्या हातानं घ्यायचे."

"तुमच्यासमोर?"

तिनं पट्ट्या घाईनं गोळा करायला घेतल्या. "संपल्या की सगळ्या."

हीच गुन्हेगार, कृष्णातनं मनात निकाल लावून टाकला.

बाळासोंनी सासूसुनेला समोर बसवलं. "आक्काताई, सुनंनं गोळ्या दिल्या. पण पितळेची चव तुमच्या तोंडात आली, तीही त्याच पंधरवड्यात. चहात काही नव्हतं. त्या ताकदीच्या गोळ्या नव्हत्या. नळीच्या भीतीनं तुम्ही दवाखान्यात जात नव्हता, म्हणून प्रसेनजीतनं संध्याकाळच्या गोळ्या तुम्हाला दिल्या. अर्ध्या तुम्हाला, अर्ध्या त्याला. जंतू कुणाचाच मेला नाही."



दीक्षा उसळली. "कशाला सांगितलंसा? शेवटच्या दिवशी हे मला म्हणाले, आईला कळू दिऊ नगं. मी घेतलं हुतं की माझ्यावर!"

कृष्णातला तिच्याकडं बघवेना. तिलाच गुन्हेगार ठरवल्याची त्याला मनापासून लाज वाटली.

"तुम्ही गप्प राहिला असता तर याही गेल्या असत्या," बाळासो हळू आवाजात म्हणाले. "तो जंतू यांच्या पोटात अजून असणार. औषध पुरतं घ्यायला हवं."

दीक्षानं सासूचा हात धरला. "आत्ती, चला. नळी घालताना मी जवळ बसते."

आक्काताईंनी हात सोडवून घेतला.

"मला नगं औषध," त्या म्हणाल्या. "लेकाचं खाल्लं तेवढं लई झालं."