पायाळू बाळाचा मामा

"ताई, मोठ्या डॉक्टरले बलवा ना! लवकर!"

लेबर रूमच्या दारातच तो माझ्या वाटेत उभा होता. उंच, सावळा, केसांत धानाचा भुसा, शर्टाची एक बाही वर तर एक खाली... आणि हातात बहिणीची चप्पल! धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, टाकून तसाच धावत आला असणार.

"मॅडम येतच आहेत. तोवर मी आहे. बाजूला व्हा."

"तुमी?" त्यानं मला नीट न्याहाळलं. "तुमी... डॉक्टर आहा?"

"तुम्ही चपला सांभाळताय ना? मग माझं काम मला करू द्या."

तो गुमान बाजूला झाला.

मी आचल. गोंदियाच्या सरकारी इस्पितळात स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. आत त्याची बहीण नीतू कळा देत होती. दुसरं बाळंतपण, बाळ पायाळू, आणि इतकं खाली उतरलेलं की ऑपरेशन थिएटरपर्यंत न्यायलाही वेळ नव्हता. मॅडम आल्या, हातमोजे चढवले आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"आज तू करायचंस. ओढायचं नाही, आचल. बाळ आपलं आपण येतं. आपण वाट बघायची."

वाट बघायची! आजवर मी फक्त घाई शिकले होते. त्या दिवशी हात तयार ठेवून नुसतं थांबणं किती अवघड असतं ते कळलं. कंबर आली... पाठ आली... खांदे... आणि अगदी शेवटी, माझ्या हातांच्या आधारानं, डोकं. मग ते रडणं! जाताना मॅडमनी माझा खांदा दाबला. माझा ऊर अभिमानानं भरून आला.

बाहेर तो तसाच उभा होता.

"मामा झालात. मुलगा आहे. दोघंही छान आहेत."

"तुमी... एकटीनं?"

"मॅडम मागे होत्या. हात माझे होते."

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "मी लय येडपट बोललो, जी."

"बोललात खरं." मला हसू आवरेना. "आता ती चप्पल तरी खाली ठेवा."

त्याचं नाव ओमेश. चिचगडचा. नागपूरला शेतीचं शिकून वडिलांच्या धानशेतीत परत आलेला. त्यानंतर तो कधी नीतूच्या तपासणीसाठी आला, कधी भाच्याच्या लसीसाठी, आणि मग... कशासाठीच नाही.

"आज काय झालं भाच्याला?"

"भाच्याले? काही नाही. मले चहा प्यायचा होता."

"चिचगडला चहा मिळत नाही?"

"मिळते ना. पण चहासंगं डॉक्टर नाही मिळत."

एका दुपारी सलग ड्युटी संपवून मी फाटकाजवळच्या बाकावर त्याच्याशी बोलत बसले, आणि बोलता बोलताच झोपले. जाग आली तेव्हा चहा थंडगार झाला होता, ऊन सरकलं होतं आणि ओमेश माझ्यासमोर उभा होता. त्याची सावली बरोबर माझ्या चेहऱ्यावर पडत होती.

"बसायचं ना!"

"बसलो असतो तर ऊन लागलं असतं तुमाले," तो सहज म्हणाला.

बस्स. त्या सावलीतच माझं काय व्हायचं ते होऊन गेलं.

बाबांच्या मनात मात्र दुसरंच होतं. त्यांचं बाजारात किराण्याचं दुकान, पण त्यांनी आणलेलं स्थळ भारी, नागपूरला स्वतःचा खासगी दवाखाना असलेल्या डॉक्टरचं. मुलगा हसत म्हणाला, "लग्नानंतर या ड्युट्या कमी करशीलच ना?" मी नकार दिला. बाबा रुसले. मी ओमेशचं नाव सांगितल्यावर तर बोलेचनात.

ओमेशनं मग त्याच्या आई-बाबांना भेटवायला मला नागऱ्याच्या शिवमंदिरात बोलावलं. त्या सकाळी साडी नेसून निघणार, तोच वॉर्डातून फोन आला. प्रसूतीनंतर एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता.

"ओमेश, मी येऊ शकत नाही..." एवढंच बोलून मी पळाले.

रक्तस्राव थांबायला दुपार झाली. थकून दार उघडलं, आणि थबकले. व्हरांड्यात, नातेवाइकांच्या गर्दीत, जमिनीवर ओमेश बसला होता. शेजारी त्याची आई धुरपताबाई आणि वडील शालीकराम. ओमेश त्या पेशंटच्या सासूला सांगत होता, "घाबरू नका, मावशी. आत आमच्या डॉक्टर आहेत."

आमच्या! केवढ्या तोऱ्यात म्हणाला तो!

मी आधी त्या सासूला धोका टळल्याचं सांगितलं. मग वळले.

"काकू, काका, माफ करा. पण माझं हे असंच राहील. सण असो, पाहुणे असोत, फोन आला की मी निघणार. आधीच सांगून ठेवते."

धुरपताबाई उठल्या. माझ्या कपाळावरचा घाम त्यांनी पदरानं पुसला. "माफी कायले मांगतेस, बाई?"

शालीकराम घसा खाकरून म्हणाले, "धानाच्या रोवण्याच्या दिवसात आमी तरी घरी कुठं राहतो? पाणी आलं का ताटावरून उठून शेतातल्या बांधीत उतरतो. काम मनजे काम. तुझ्या बाबाले मी भेटतो. सांगतो, तुमची पोरगी मले पायजे, तिच्या ड्युटीसकट."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आतून सिस्टरची हाक आली, "आचल मॅडम, नवीन पेशंट!"

मी वळले.

"डॉक्टर..." मागून ओमेशचा आवाज. "एक विचारायचं होतं."

"मग विचारा ना, लवकर!"

"इथंच?"

"मग कुठं?"

सगळा व्हरांडा वळून बघू लागला. ओमेशचे कान लाल झाले. "माह्याशी लग्न... कराल का?"

कोपऱ्यातली एक म्हातारी ओरडली, "हो मन ना व पोरी! पेशंट वाट पाहून राहिली!"

"हो!" मी म्हणाले, पार टोकाच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि ताठ मानेनं आत गेले.

नव्या पेशंटनं माझं मनगट घट्ट धरलं. कळ ओसरल्यावर माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"डॉक्टरीणबाई, तुमी काऊन हसून राहिल्या?"

"सांगते," मी म्हणाले. "आधी एक मोठा श्वास घे."