पहिल्याच हाकेला

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ज्यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं त्या कुंदाताई आगाशे माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. उभा जन्म गणित शिकवलेली बाई. ताळा पडताळून पाहिल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नाही.

गोष्ट गेल्या वर्षीच्या रमजानातली. वेळ, दिवेलागणीची. जागा, शारजा औद्योगिक क्षेत्राच्या कडेला असलेलं एक कम्युनिटी कॉलेज.

नाव सांगत नाही. तिथे अजून मुलं शिकतात.

निवृत्तीनंतर कुंदाताई मुलाकडे, तन्मयकडे राहायला आल्या. घरात बसवेना, म्हणून या कॉलेजच्या स्टुडंट सपोर्टमध्ये गणित शिकवू लागल्या. संध्याकाळच्या डिप्लोमाला येणारी मुलं दिवसभर गॅरेजमध्ये, गोदामांत राबून यायची. नखांत ग्रीस, डोळ्यांत झोप. चांगल्या मिशा फुटलेल्या त्या पोरांना कुंदाताई 'बाळा' म्हणायच्या. एकच गणित पाच वेळा विचारलं तरी त्यांचा आवाज चढायचा नाही.

एके दिवशी समुपदेशक जहांआरा त्यांच्या खोलीत आली. सोबत एक काटकुळा मुलगा.

"कुंदाजी, ये आपका महाराष्ट्र का लड़का है. आप ही समझाइए. क्लास में बैठा रहता है, फिर भी ॲबसेंट!"

मुलाचं नाव नागेश. कुडाळजवळच्या एका गावचा. एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर. भर उन्हात गच्च्यांवर कॉम्प्रेसर चढवायचे, हे त्याचं काम. एअर कंडिशनिंगचा डिप्लोमा झाला की तो टेक्निशियन होणार होता. नाही झाला, तर आयुष्यभर त्याच गच्च्या.

आणि हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत.

मुलं एकमेकांची कार्डं हजेरीच्या मशीनला लावायची, म्हणून कॉलेजात शिक्षक तोंडानेही नाव घ्यायचे. उमर सर भारी कडक. नाव एकदाच. ओ आली नाही की गैरहजर.

जहांआरा गेली. कुंदाताईंनी विचारलं, "काय रे, ऐकू कमी येतं का?"

"नाय बाई."

"मग ओ का देत नाहीस?"

नागेश खाली बघत हळूच म्हणाला, "आमच्यात तिन्हीसांजेक एका हाकेक ओ देवची नाय, बाई. आयशीन शिकवल्यान हा."

"ते का बरं?"

"माणूस असलो तर परत हाक मारतलो. दुसरा काय असला... तर ता एकदाच मारता."

कुंदाताईंना हसू आलं. "अरे, इथे भुतांनासुद्धा व्हिसा लागतो! आणि उमर सर समोर उभे दिसतात ना तुला?"

"दिसतत. पण तोंडातून निघणाच नाय. लहानपणापासूनची सवय."

सवयच ना? मग मोडता येईल, असं कुंदाताईंना वाटलं.

रोज गणित झालं की त्या बाहेर कॉरिडॉरमध्ये जायच्या आणि हाक मारायच्या, "नागेश!" आतून त्यानं लगेच म्हणायचं, "येस बाई!" सुरुवातीला तो अडखळायचा. घाम फुटायचा त्याला. कुंदाताई हसत आत यायच्या, पाठीवर हात ठेवायच्या आणि पुन्हा बाहेर जायच्या.

लहान पोराला पोहायला शिकवावं, तसं त्यांनी त्याला शिकवलं.

आणि तो शिकला. हाक पुरी व्हायच्या आत ओ यायला लागली. हजेरी सावरली. परीक्षेच्या यादीत नाव आलं, तेव्हा त्यानं वर्कशॉपमधल्या सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा करून पाजला.

परीक्षा तोंडावर आली होती. रोजा सुटायची वेळ झाली की कॉलेज एकदम रिकामं व्हायचं. सगळे खाली अंगणात. वॉचमन खैरुद्दीन चटया अंथरून खजूर आणि ताकाच्या बाटल्या मांडायचा. हिंदू मुलंही जाऊन बसायची.

त्या दिवशी कुंदाताई आणि नागेश वरच्या मजल्यावर राहिले. एक गणित सुटत नव्हतं.

खालून मगरिबची, सूर्यास्ताची अजान झाली. ती संपली... आणि सगळं गप्प झालं.

एसीचा आवाजसुद्धा कधी थांबला, कळलं नाही.

नागेश मान खाली घालून लिहीत होता. कुंदाताई त्याच्या समोर बसून त्याच्या पेनाकडे बघत होत्या.

आणि दाराबाहेरून हाक आली...

"नागेश!"

"येस बाई!" तो वर न बघताच म्हणाला.

मग त्याचं पेन थांबलं.

त्यानं सावकाश मान वर केली. कुंदाताईंच्या तोंडाकडे बघितलं. तोंड मिटलेलं होतं.

हाक कुंदाताईंच्याच आवाजात होती. तोच सूर. तोच शेवटाला किंचित लांबवलेला 'श'.

"बाई..." नागेशचे ओठ पांढरे पडले होते. "मी ओ दिलंय."

"कुणीतरी थट्टा करतंय. थांब, बघते मी."

त्या दारापाशी गेल्या. कॉरिडॉर काळोखात होता. तिथले दिवे आपोआप लागणारे. खालून माणूस चाललं की लागतात, माणूस गेलं की थोड्या वेळानं विझतात.

एकही दिवा लागलेला नव्हता.

म्हणजे दारापर्यंत कुणी चालत आलंच नव्हतं...

कुंदाताईंनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

आणि त्यांच्या देखत समोरचा दिवा लागला.

मग त्याच्या पुढचा.

मग त्याच्याही पुढचा... जिन्याच्या दिशेनं. सावकाश. काम उरकून कुणी निघावं, तसे.

खाली कोणी पायरी उतरल्याचा आवाज मात्र आला नाही.

नागेशचा हात घट्ट धरून कुंदाताई लिफ्टनं खाली आल्या. खैरुद्दीननं त्यांना बघितलं आणि खजुराचं ताट पुढे केलं.

"आ गया नागेश? मैडम, आपने इतनी ज़ोर से बुलाया, हमने यहाँ तक सुना!"

कुंदाताईंनी खजूर घेतला. तो त्यांनी नागेशच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून वेगळंच सुरू झालं.

वर्गात सगळे लिहीत असताना नागेश मध्येच डोकं वर करायचा. दाराकडे बघायचा. आणि म्हणायचा, "येस बाई."

कुणीही हाक मारलेली नसायची.

उमर सर हसले. "यल्ला, चला, आता हा हजेरी घ्यायच्या आधीच हजर!" सगळा वर्ग हसला. नागेशही हसला. पण त्याची नजर दारावरून हलली नाही.

"काय ऐकू येतं रे तुला?" कुंदाताईंनी विचारलं.

"तुमीच बोलवतात बाई. रोज थोडा जवळसून."

परीक्षा संध्याकाळच्या सत्रात होती, रोजा सुटायच्या आधी संपणारी. नागेशचं इंग्रजी कच्चं, म्हणून प्रश्न वाचून दाखवायला सपोर्टचा माणूस शेजारी बसवायची सोय असते. जहांआराला सांगून कुंदाताईंनी ते काम मागून घेतलं.

अर्धा पेपर नीट झाला. खिडकीबाहेर ऊन उतरलं.

नागेशनं पेन खाली ठेवलं.

"आलो बाई," तो म्हणाला... आणि उभा राहिला.

कुंदाताईंनी त्याचं मनगट पकडलं. "नागेश, मी इथे आहे. इथे, तुझ्या शेजारी."

त्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग दाराकडे. पुन्हा त्यांच्याकडे. दोन आया दोन्हीकडून बोलावतायत आणि पोराला कळत नाही, तसा तो उभा होता.

पर्यवेक्षक पुढे यायला लागले. कुंदाताईंनी दुसऱ्या हातानं त्याला खाली ओढलं. तो बसला.

डावं मनगट त्यांच्या मुठीत, उजव्या हातात पेन. उरलेला पेपर त्यानं तसा लिहिला. त्याची नाडी त्यांच्या बोटांखाली इतकी सावकाश पडत होती, की दोन ठोक्यांच्या मध्ये कुंदाताई श्वास धरून बसायच्या.

ईदच्या सुट्टीत त्यांनीच त्याला आग्रहानं गावी पाठवला. आईजवळ राहिला की सावरेल, असं त्यांना वाटलं.

निकाल लागला. नागेश पास झाला होता. वर्कशॉपनं टेक्निशियनची जागा देऊ केली होती.

त्याचा मोबाइल बंद लागत होता. जहांआराकडून घरचा नंबर घेऊन कुंदाताईंनी फोन लावला. त्याच्या आईशी, मुक्ताबाईंशी, त्या आजवर कधी बोललेल्या नव्हत्या.

"हॅलो, मुक्ताबाई? नागेश आहे का घरी?"

पलीकडून ओ आली नाही.

श्वास ऐकू येत होता. फोन चालू होता. पण उत्तर नाही.

"मुक्ताबाई, ऐकू येतंय का? मी नागेशच्या कॉलेजातून बोलतेय. कुंदा आगाशे. तो पास झालाय हो!"

मग एक घोगरा आवाज आला.

"तुमीच त्या बाई?"

"हो, मीच."

"मगे... काल तिन्हीसांजेक आमच्या मागच्या दारार येऊन त्याका हाक मारलात, तीव तुमीच?"



"मी शारजात आहे, मुक्ताबाई. मी तुमचं घरसुद्धा पाहिलेलं नाही."

"आवाज तुमचोच," मुक्ताबाई म्हणाल्या. "आता ऐकलंय आणि वळाखलंय."

"त्यानं... त्यानं ओ दिली?"

"नाय. मी त्याच्या तोंडार हात दाबून धरलंय. रोज धरतंय. तो उठाक बघता, मी वर बसतंय."

मग पलीकडे त्या रडायला लागल्या. अगदी दबक्या आवाजात, शेजारी कुणी झोपलेलं असावं तशा.

"बाई, माझा वय झाला. मी त्याका किती दिस पुरतलंय?"

तोंड उघडून धीराचे दोन शब्द बोलावेत, एवढीसुद्धा कुंदाताईंची छाती झाली नाही. पलीकडे नागेशला त्यांचा आवाज ऐकू गेला असता.

त्यांनी न बोलता फोन ठेवला.

ती टेक्निशियनची जागा वर्कशॉपनं अजून भरलेली नाही. कुंदाताई अजून शिकवतात. पण मुलाला बोलवायचं असलं की त्या उठून त्याच्या बाकापाशी जातात आणि खांद्याला हात लावतात. नाव घेत नाहीत.

मी हे त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच घरी ऐकलं. सांगून झाल्यावर त्या खिडकीकडे बघत बसल्या. बाहेर दिवे लागत होते. भारताचं घड्याळ दीड तास पुढे.

"तिकडची आजची तिन्हीसांज होऊन गेली असेल," त्या एवढंच म्हणाल्या.