दुसऱ्या भांड्याचा रकाना

वऱ्हाडातल्या मालेगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारे जगदेव इंगोले सर कुणाच्या शब्दावर सहसा विसंबत नसत. दूध घेताना आधी बोट बुडवून बघायचे, आणि बाजारात तराजूच्या दोन्ही पारड्यांखालून हात फिरवल्याशिवाय पिशवी पुढं करायचे नाहीत. पोरं त्यांना पाठीमागं 'फौजदार' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही.

सत्तावन्न सालचा डिसेंबर होता. शाळा सुटल्यावर सर प्रयोगशाळेत मॅट्रिकच्या अकरा प्रयोगवह्या तपासत बसले होते. उद्या सकाळच्या गाडीनं मुख्याध्यापक त्या अकोल्याला नेणार होते. ज्या वहीवर सरांची सही नाही, तो पोरगा परीक्षेला बसणार नाही, असा साफ नियम होता.

प्रयोग प्रकाशसंश्लेषणाचा, म्हणजे उन्हात झाड आपलं अन्न कसं बनवतं त्याचा. खिडकीतल्या मेजावर पाण्याची दोन काचेची भांडी. पहिल्यात तळ्यातलं लांब शेवाळ, त्यावर उपडं नरसाळं, आणि नरसाळ्याच्या तोटीवर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. ऊन पडलं की शेवाळातून प्राणवायूचे बुडबुडे सुटतात आणि नळीत चढतात. दुसऱ्या भांड्यात सगळं तसंच, फक्त शेवाळ नाही, आणि पाणी उकळून गार केलेलं. झाड नाही तर बुडबुडा नाही, एवढं दाखवण्यापुरतं ते भांडं. प्रत्येक पोरानं आपल्या ठरल्या दिवशी दर तासाला एक मिनिट दोन्हीकडचे बुडबुडे मोजायचे आणि दोन रकान्यांत लिहायचे.

ठोकून दिलेले आकडे सरांना लगेच ओळखू यायचे. वीस, पस्तीस, चाळीस, पंचवीस. घरी बसून लिहिलेल्या आकड्याच्या शेवटी शून्य नाहीतर पाच हटकून येतोच. दहा वह्यांत असलाच कारभार होता. सरांनी तांबड्या शाईनं शेरे मारले, शिव्या पुटपुटल्या, आणि सह्या केल्या. करता काय? दुसरा रकाना तरी सगळ्यांचा बरोबर होता. सगळीकडे शून्य.

अकरावी वही रूपला राठोडची. मेडशीजवळच्या तांड्यावरचा हा पोरगा आठवडाभर मालेगावात खोली घेऊन राहायचा. त्या तांड्यातून मॅट्रिकपर्यंत आलेला तो पहिलाच. पहिला रकाना बघून सर खूश झाले. तेरा, बावीस, एकतीस, सदतीस, अठ्ठावीस, अकरा. पोरानं खरंच मोजलं होतं. मग त्यांची नजर दुसऱ्या रकान्यावर गेली.

सतरा. सोळा. सतरा. सतरा. सोळा. सतरा.

"च्यायला!" सर एकटेच बोलले. त्यांनी चपराशी सादिकला पाठवून रूपलाला खोलीवरून बोलावून घेतलं.

"हे काय लिहिलंस?"

"बुडबुडे, सर."

"दुसऱ्या भांड्यात झाड आहे?"

"नाई."

"मग बुडबुडे तुझ्या आज्यानं सोडले?"

रूपला खाली बघत राहिला. "थे मले काय मालूम, सर. तुमी मोज म्हनलं, मी मोजलं."

"बाकी दहा जणांना शून्य दिसलं. तुलाच बरे सतरा दिसले!"

"त्यायनं मोजलंच नाई, सर. तुमी प्रयोगाच्या आधी फळ्यावर लिवलं होतं न, दुसऱ्या भांड्यात शून्य. त्यायनं थेच उतरवलं. मी त्या दिवशी कापूस वेचाले घरी होतो."

सरांच्या कानशिलाला ऊब चढली. ते खरं होतं. दरवर्षी ते तसं फळ्यावर लिहीत. पण पोराचं तोंड वर झालेलं त्यांना खपलं नाही. "तो रकाना खोड आणि शून्य लिही. तरच सही."

"नाई, सर." पोराचा आवाज कापत होता. "तुमीच शिकोलं, दिसलं थेच लिवा. मी खोटं काहून लिवू?"

आता बोला! सर चरफडत उठले. लबाडी पुराव्यानिशी पकडायची, ही त्यांची रीत. त्यांनी रूपलाला बाकावर बसवलं आणि खुर्ची दुसऱ्या भांड्यासमोर ओढली. पाच वाजले होते. ऊन खिडकीतून उतरून भिंतीवर गेलं होतं.

बुडबुडा आला. नरसाळ्याखाली, नुसत्या पाण्यातून, वाटाण्याएवढा. तो तोटीतून चढला आणि फुटला. थोडी उसंत, मग दुसरा. सरांनी घड्याळ समोर धरलं. सतरा.

पाण्यात हवा राहिली असेल, असा त्यांनी तर्क केला. भांडं रिकामं करून, नरसाळं घासून, सादिककडून स्टोव्हवर पाणी पुन्हा खळखळा उकळून घेतलं. ते कोमट होईस्तोवर साडेपाच झाले. भांडं मांडलं. पहिल्या भांड्यातलं शेवाळ आता गप्प झालं होतं, ऊन गेल्यावर व्हावं तसं.

दुसऱ्यात सतरा.

"सर, एक बात सांगू?" सादिक दारातून म्हणाला. आत यायला तो तयार नव्हता. "थ्या भांड्यामागची खिडकीची काच मी रोज पुसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दमट. बाकीच्या काचा कोरड्या राह्यतेत."

"थंडी आहे, सादिक."

"बाकीच्या काचायले नाई लागत थंडी?"

सर काचेजवळ वाकले. काचेवर तळहाताएवढा दमटपणा खरंच होता. बघता बघता तो जरासा आटला आणि पुन्हा पसरला.

बुडबुडे सुटतात हे पोराचं म्हणणं खरं निघालं, तरी ते कशाचे हा प्रश्न होताच. सरांनी नळीच्या तोंडाला अंगठा लावून ती बाहेर काढली. जळती काडी विझवून, तिचं निखारलेलं टोक आत धरलं. प्राणवायू असता तर काडी पेटली असती. ती काळी पडली. मग त्यांनी नळीत चुन्याची निवळी ओतली आणि हलवली.

निवळी दुधाळ झाली.

वर्गात हा प्रयोग ते स्वतः करून दाखवत. पपईच्या पानाच्या दांड्यातून निवळीत फुंकर मारायची, की निवळी अशीच पांढरी होते. "पोरांनो, ही ओळख उच्छ्वासाची." दरवर्षी हेच वाक्य ते बोलत आले होते. आज ते आठवलं आणि त्यांनी नळी हातातून खाली ठेवली.

त्यांनी कपाट उघडून जुन्या वह्या काढल्या. छप्पन, पंचावन्न, चोपन्न. दुसरा रकाना, शून्य, शून्य, शून्य, आणि खाली त्यांचीच सही. इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी त्या भांड्याकडे मिनिटभर पाहिलं नव्हतं.

"सर, मी जाऊ?" रूपलानं हळूच विचारलं.

"बस. तू बस इथंच." हे रागानं नव्हतं. सरांना एकट्याला बसायची भीती वाटत होती.

सहा वाजत आले. खोलीत अंधारून आलं होतं, पण पाणी अजून दिसत होतं. सरांनी नळी पाण्यानं भरून परत लावली. एक शंका राहिली होती. मेज जुनं, डुगडुगतं. आपणच त्यावर टेकतो, आपल्याच श्वासानं ते हलत असेल. तसं निघालं तर सगळं सुटलं. सरांना ते तसंच निघायला हवं होतं, अगदी मनापासून.

त्यांनी श्वास रोखला.

बुडबुडे थांबले.

"बघ!" म्हणावं असं त्यांना वाटलं, पण दम धरलेला होता. दहा सेकंद. वीस. पाणी आरशासारखं स्थिर होतं. सरांना इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. चाळीस सेकंदांनी त्यांनी श्वास सोडला, मोठ्यानं, आणि भांड्याकडे पाहिलं.

बुडबुडा आला नाही.

त्यांनी पुन्हा श्वास घेतला, सोडला. मुद्दाम मेज हलवलं.

काहीच नाही.

मिनिट झालं. दीड मिनिट. काचेवरचा दमटपणा वाळून गेला होता. आणि सरांना कळलं, की आपल्याला कळू नये म्हणून तिकडे कुणीतरी दम धरून बसलं आहे.

ते उठले, खुर्ची पडू न देता. रूपलाची वही ओढली आणि उभ्या उभ्याच सही केली. सतरा, सोळा, सतरा, सगळे आकडे तसेच ठेवून.

"खरं लिवलंस, बेटा," वही त्याच्या हातात देत ते म्हणाले. रागावले किंवा घाबरले, की त्यांची बोली अशी घरची व्हायची. "चाल. चाल इथून."

तिघं व्हरांड्यात आले. सादिकनं दार ओढलं, कडी घातली, कुलुपात किल्ली फिरवली.

किल्ली फिरल्याचा आवाज झाला आणि आत पाणी खळखळलं. एकदम, बराच वेळ. रोखून धरलेला दम कुणीतरी एकदाचा सोडला होता.

रूपलानं बगलेतली वही उघडली, खिशातून पेन्सिल काढली आणि सरांकडे पाहिलं.

"सर, हे कोन्त्या रकान्यात लिवू?"