झेंडा नसलेली बोट

"ए, थांबव होडी! तपासणी हाय! जाळं वर घे!"

मोटरबोटीतल्या दोघा खाकी शर्टवाल्यांनी आरोळी ठोकली, तशी गोरक्षमामांनी वल्हं टाकून हातच जोडले. सुट्टीत मामांकडे राहुरीच्या धरणाकाठी आलेली स्नेहल, तिचा भाऊ प्रशांत आणि मामांच्या शेजारचा सम्राट होडीत एकमेकांना चिकटले.

"बारीक भोकाचं जाळं वापरता व्हय? जप्त!"

मामांचा चेहरा पडला. त्यांच्याकडे हे एकच जाळं होतं. ते गेलं की मासेमारी बंद!

स्नेहल मात्र बोटीकडे टक लावून पाहत होती. मच्छीमार सोसायटीच्या दारावरचे तपासणीचे नियम तिनं सकाळीच वाचले होते.

"साहेब, तुमच्या बोटीला मत्स्य खात्याचा झेंडा कुठाय? नंबर? आणि ओळखपत्र दाखवा ना!"

"झेंडा धुवायला टाकलाय!"

"मग वाळला की या!" सम्राट फिस्सकन हसला.

"गप रे! सायेब हायेत ते," मामा कुजबुजले.

एकानं जाळ्याला हात घातलाच! स्नेहलचं डोकं मात्र थंड होतं. ती प्रशांतला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "नेऊ दे रे हे जुनं! नवी कोरी जाळी तर तिकडं धरणाच्या चिंचोळ्या फाट्यात लपवलीत!"

"शूऽऽ! सांगू नकोस ना!" प्रशांतनं लगेच डाव ओळखला.

दोघा खाकीवाल्यांचे डोळे चमकले. जाळं सोडून त्यांनी बोट तिकडे पिटाळली. उन्हाळ्यानं धरणाचं पाणी उतरलेलं. तिथं वरून संथ, पण खाली बुडालेल्या बाभळींची खोडं, हे मामांनी पोरांना आधीच दाखवलं होतं! खात्याचा माणूस तिथं मोटर कधीच नेत नाही.

खर्रर्र! बोट अडकली ती अडकलीच.

"वल्हवा, मामा!" स्नेहल ओरडली.

काठावर स्नेहलची आई केव्हाची पोरांची तीन डोकी पुन्हा पुन्हा मोजत उभी होती. सम्राटनं सायकल हाणली, सोसायटीतून खात्याला फोन केला. तासाभरात दुसरी बोट आली: वर झेंडा, दोन्ही अंगांना ठळक नंबर. दोघे तोतये पकडले गेले आणि अडकलेल्या बोटीत सात जाळी सापडली, सगळी गावोगावच्या कोळ्यांकडून लुबाडलेली!

अधिकारी होडीजवळ आले. मामांनी चक्क हात आडवा केला.

"थांबा सायेब! आदी कार्ड दावा."

साहेबांनी हसत ओळखपत्र पुढं धरलं. "शाब्बास! वर्षभर आम्ही हेच सांगतोय. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमच्या पोरांनी!" मामांची छाती फुगली. साहेबांनी नोंदवही उघडली.

आईनं तिघांना जवळ ओढलं. रागवायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं, आणि साहेबांना ठणकावून म्हणाली, "स्नेहल. माझी मुलगी. नाव नीट लिहून घ्या!"