मंदाच्या पायाची खोड

शंभर टन कोळसा भरलेला डंपर खाणीच्या चढणीला लागला, आणि त्याच्या केबिनमध्ये कुणीच नव्हतं. वर कठड्याशी उभ्या मंदा नन्नावरेचा ऊर नुसता धडधडत होता. का नाही धडधडणार? तो डंपर तिच्याच पायाने चालत होता!

म्हणजे असं. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेतात क्लचच्या चकत्या, आणि त्या चकत्या एकमेकींवर दाबून धरतं तेल. दाब एकदम चढला तर गाडी हिसका खाते, फार हळू चढला तर चकत्या घसरून जळतात. किती तेल कधी सोडायचं हे एक झडप ठरवते. खाणीत संशोधनासाठी आलेल्या डॉक्टर ऊर्मिला सबनीसांची झडप मात्र शिकणारी होती. सहा महिने मंदाच्या डंपरमध्ये बसून त्या झडपेने तिच्या पायाची खोड न् खोड उचलली होती. केबिन रिकामी होती ती फक्त चाचणीपुरती, स्टिअरिंग दुरून सांभाळलं जात होतं; एरवी ड्रायव्हर बसणारच होते, पाय तेवढा मंदाचा. आज चाचणी पार पडली की मंदा खाणीची पहिली प्रशिक्षक होणार होती. तिचा नवरा दिवाकर, चार नंबरचा ड्रायव्हर, मुद्दाम सुट्टी काढून शेजारी उभा होता.

समोरून रिकामे डंपर उतरू लागले. खाणीचा रिवाजच आहे, भरल्या गाडीने चढणीवर कुणासाठी दम सोडायचा नाही. बाजूला व्हायचं ते उतरणाऱ्याने. दोन नंबर गेला, पाच गेला. डंपर तसाच चढत राहिला. सात नंबर आला, आणि डंपरने दाब किंचित सैल केला, क्षणभर रेंगाळला, मग पुढे निघाला.

"बघितलंत?" लॅपटॉपवर वाकलेल्या सबनीसबाई हरखून गेल्या. "प्रत्येक गाडीची थरथर जमिनीतून तेलात उतरते. झडपेने सात नंबर ओळखला! मंदाताई, तुम्ही दर वेळी फक्त सातसाठीच पाय सैल करता. का हो?"

सात नंबरवर मारोती कुळमेथे असायचा. त्याच्याशी मंदा कधी धड चार शब्द बोलली नव्हती. जाता-येता तो हात दाखवायचा, तीही दाखवायची, बस्स. आपला पाय काय करतो हे तिलाही आत्ता, सगळ्यांदेखत कळत होतं. तिचे कान तापले.

"पुसून टाका ते, मॅडम," ती घाईने म्हणाली.

"आता कसं पुसणार? मला भरवसाच होता ना, झडप शिकली ते सगळं सकाळीच खाणीच्या साठही गाड्यांत भरून टाकलं."

म्हणजे उद्यापासून खाणीतले सगळे डंपर, दिवसभर, सातसाठी रेंगाळणार. मंदाला दिवाकरकडे बघायचा धीर होईना. तो सबनीसबाईंकडे वळला.

"मॅडम," तो म्हणाला, "साहेबांना सांगून माझी गाडी तेवढी बदलून द्या. उद्यापासून सातवर मी बसतो."