साडेसहा नंबरचा मोजा

सीमा सिस्टरनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याची शेळी तिचा हातमोजा खात होती.

"अहो, ओढा की तिच्या तोंडातून!" ती ओरडतच अंगणात आली. शेळीनं निवांतपणे रबराचं शेवटचं बोट गिळलं.

"गेला जी," तो म्हणाला. खांद्यावर घोंगडी, आणि चेहऱ्यावर चक्क... हसू!

सीमाचं डोकंच फिरलं. साल अठ्ठ्याण्णव, कळमनुरी तालुक्यातला लहानसा दवाखाना, वीस-बावीस गावं, आणि हातमोजे किती? दोन जोड! मागणीचे अर्ज पाठवून पाठवून तिचे हात दुखले, पण वरच्यांना पाझर फुटेल तर शपथ. तेच मोजे ती धुवायची, दोरीवर वाळवायची, ड्रममध्ये वाफवायची. आता उरला दीड जोड. आणि हा हसतोय!

"मायच्या पायाला पट्टी करायची व्हती," तो म्हणाला. त्याचं नाव शिवहार. पायरीवर त्याची आई, अनुसयाबाई, पाय चिंधीत गुंडाळून बसली होती.

चिंधी सोडली आणि सीमा पुन्हा भडकली. मेंढरांमागं हिंडताना बाभळीचा काटा मोडलेला, त्यात बाईंना साखरेचा आजार, आणि जखमेत ठासून भरलेली काळी राख.

"हे कोणी केलं?"

"म्याच. लोकर जाळून... मेंढराला बी आमी हेच लावताव."

"आई मेंढरू आहे का तुमची?"

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि हळूच सांगितलं, "आठ दिवसांत सुधारला नाही तर नांदेडला न्या. पाऊल कापावं लागेल." शिवहारचं हसू गळून पडलं.

सीमानं कोपरापर्यंत हात धुतले, मास्क बांधला, मोजे चढवले. ती राख धुऊन काढत असताना तिच्या कपाळावरची एक बट सुटून डोळ्यांवर आली. ती सारायला शिवहारनं हात पुढं केला—

"हात लावू नका!"

"केस... डोळ्यात जाऊन राहिले तुमच्या."

"जाऊ द्या! शेळ्या हाकललेला हात उघड्या जखमेवरून नेताय? त्यातला जंतू आईच्या पायात गेला तर?"

तो तीन हात मागं सरला.

दुसऱ्या दिवशी तो हिंगोलीला जाऊन नवे मोजे घेऊन आला. पाकीट फोडलेलं!

"हे का फोडलं?"

"घालून पाहिले. माह्या हाताला बसले न्हाई, म्हून समजलं, तुमाला बराबर बसतेल."

"अहो, बंद पाकिटातले मोजे निर्जंतुक असतात! आता हे पुन्हा वाफवायचे!" ती तणतणली. "अक्कल गहाण ठेवली होती का?"

"पन नंबर तर बराबर हाय ना? साडेसहा. दोरीवरल्या मोज्यावर वाचला व्हता..."

तोंडावर मास्क होता म्हणून बरं. नाहीतर तिचं हसू त्याला दिसलं असतं.

त्यानंतर तो आईला घेऊन दिवसाआड यायचा. शेळ्या घरी, चपला बाहेर, आणि आणलंच तर बंद पाकीट, तेही कोपऱ्याला धरून. आठव्या दिवशी जखमेत लालसर, जिवंत मांस दिसलं. डॉक्टर म्हणाले, "नांदेडची गरज नाही." अनुसयाबाईंनी सीमाची अलाबला घेतली. शिवहार तीन हात लांब उभा राहून नुसता बघत होता... तिच्याकडं.

दीड महिन्यानं पायाची जखम भरून आली.

"आता यायचं काम न्हाई ना जी?" त्यानं विचारलं.

"नाही."

सीमाला विलक्षण राग आला होता. दीड महिना हा माणूस तीन हातांवरून बघतो, मोज्याचा नंबर पाठ करतो, आणि शेवटच्या दिवशी बोलतो काय, तर यायचं काम नाही! आणि त्याला लांब राहायला शिकवलं कोणी? तिनंच! तिनं जुनी पट्टी बादलीत आपटली.

"जा मग. उभे काय राहिलात?"

तो गेला. बाहेर नळ वाजू लागला... बराच वेळ वाजत राहिला. सीमानं वैतागून मान वर केली, तर शिवहार खांद्यानं दार ढकलून आत येत होता. दोन्ही हात वर धरलेले, साबणानं घासून लाल झालेले, कोपरांवरून पाणी गळत होतं.

तिची बट पुन्हा डोळ्यांवर आली होती.

"सिस्टर," तो अडखळला, "आता... लावू का हात?"

सीमानं ते हात उलटसुलट निरखून पाहिले.

"नखं वाढलीत," ती रागानंच म्हणाली. "कापून या. आणि रविवारी आईंना घेऊन परभणीला आमच्या घरी या. बाबांना काय ते तुम्हीच सांगा!"

एवढं बोलून तिनं मान किंचित पुढं केली, म्हणजे त्याला ती बट सारता यावी.