फिकं भरीत

"आत्या, माझ्या हातचं एवढं विष लागतं का हो तुम्हाला?"

प्रमिलाने वाढता वाढता विचारलं. चंपाषष्ठीचं भरीत, खंडोबाचा प्रसाद, हिरव्या मिरचीचा असा झणका की सारी पंगत नाक पुसत जेवतेय... आणि सासूबाई ताट सरकवून उभ्या!

"नही वं माय, माले भूकच नही शे," वच्छलाबाई एवढंच म्हणाल्या.

कसं सांगावं? मिरचीचा घास गेला की सकाळी रक्ताची धार, मांडी घालून बसलं की जणू निखाऱ्यावर... मूळव्याध! बाईमाणसाने ती कुणापाशी बोलायची? आणि बोललंच, तर शेजारच्या झिपरूभाऊसारखी कापाकापी, खाटेवर पडून राहणं... मग नातवाला कोण बघणार? शिरपूरला डी.एड. शिकणारी सून शिक्षण टाकून घरी बसणार! त्या माउलीने ओठ शिवून घेतले. आणि प्रमिला मनाशी कुढत राहिली, ही बाई मला आपली मानणारच नाही...

शेवटची परीक्षा देऊन सून घरी आली, त्याच दुपारी वच्छलाबाई मोरीपाशी भोवळ येऊन कोसळल्या. लुगडं मागून लाल, चेहरा पिठासारखा पांढरा!

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट तपासलं. "आजी, प्रत्येक मूळव्याधीला चाकू लागत नाही. सुरुवातीलाच आला असता, तर पालेभाजी, भरपूर पाणी, औषध, कोमट पाण्यात बसणं, एवढ्यावर भागलं असतं. आता कोंब बाहेर आलाय, आत जात नाही. अंगातलं रक्त निम्म्यावर आलंय. आधी रक्त चढवू, मग ऑपरेशन. आता थांबायचं नाही."

वच्छलाबाईंचे डोळे भरून आले. ज्या चाकूच्या भयाने त्या मुक्या झाल्या, त्या मुकेपणानेच तो दारात आणला होता...

"मला का नाही सांगितलं, आत्या?"

"तू शिकनं सोडी देती ना, माय..."

प्रमिलाने त्यांच्या पावलांवर डोकं टेकलं. "आणि मी तुमच्या ताटावर रुसत राहिले!"

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढच्या चंपाषष्ठीला झणझणीत भरीत पंगतीत गेलं. प्रमिलाने चुलीपाशी दुहेरी गोधडी अंथरली, बिनमिरचीचं वेगळं काढलेलं भरीत पुढ्यात ठेवलं. वच्छलाबाई बिचकत टेकल्या... आणि बसूनच राहिल्या.

"कितलं फिक्कं शे वं! तू मिरचीवाली, जाय, पंगतमा बस."

"जरा सरका, आत्या," म्हणत प्रमिलाने त्याच ताटात हात घातला.